तळहाताएवढा खड्डा

2006 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. पहाटे पाचला उंच टाकीवरून पेठेचं पाणी सोडलं आणि वीस मिनिटांत निरोप आला, मारुतीच्या देवळासमोर सहा इंची लाइन फुटलीय. मी तेव्हा प्रवरेकाठच्या एका नगरपालिकेत पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता होतो. लाइन फुटली की पहिलं काम म्हणजे तिच्या मागचा व्हॉल्व्ह बंद करणं. आमचे जुने व्हॉल्व्हमन, ज्यांना सगळं खातं नाना म्हणायचं, चावी खांद्यावर टाकून धावले आणि रस्त्याच्या मधोमध थबकले. चेंबर दिसतच नव्हतं. आठ दिवसांपूर्वी तिथं डांबरीकरण झालं होतं. चेंबरचं बिडाचं झाकण नव्या थराबरोबर वर उचलून घ्यायचं असतं. इथं त्याच्यावरूनच रोलर फिरला होता.

नानांच्या डोक्यात त्या व्हॉल्व्हची खूण पक्की होती : पिंपळाच्या पारापासून अकरा पावलं. पण रुंदीकरणात पारच मागे सरकला होता. आम्ही अंदाजानं चार खड्डे घेतले. चौथ्यात कुणाच्या तरी घराचं प्लास्टिकचं कनेक्शन तुटलं. शेवटी टाकीवरूनच पाणी बंद करावं लागलं आणि अर्ध्या गावाची पाळी चुकली. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात एक पाळी चुकली की मधले तीन दिवस नळ कोरडे राहतात. त्या तीन दिवसांत बायाबापड्यांनी हंडे घेऊन नदीकाठच्या विहिरीकडे घातलेल्या खेपा मी पाहिल्यात.

झाकण दुसऱ्या दिवशी सापडलं. आमच्या दुसऱ्या खड्ड्यापासून दीड फुटावर.

त्या वर्षी खात्यानं मेटल डिटेक्टर घेतला आणि तो माझ्या हाती आला. निवृत्त झाल्यावर मी स्वतःचा घेतला. हातात यंत्र दिसलं की लोक एकच प्रश्न विचारतात, 'किती खोलवरचं दाखवतो?' नेमकी जागा दाखवतो का, असं मात्र कुणी विचारत नाही. माझ्या अनुभवात खरा प्रश्न तोच आहे. जमिनीत धातू आहे एवढं कळून भागत नाही. तो या दीड फुटात नेमका कुठे आहे, हे कुदळ उचलण्यापूर्वी कळलं पाहिजे. खड्डा जितका लहान, तितकं नुकसान कमी : रस्त्याचं, पिकाचं, सापडणाऱ्या वस्तूचं, आणि पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे इतिहासाचंही.

यंत्राला काय कळतं

दांड्याच्या टोकाला असते ती तबकडी म्हणजे या यंत्राचा प्राण. तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट दिशेनं वाहणारी वीज सोडली जाते. बहुतेक साध्या यंत्रांत ही दिशा सेकंदाला काही हजार वेळा पालटते. त्यामुळे तबकडीखाली सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि ते स्वतःचं छोटं चुंबकीय क्षेत्र तयार करतात. तबकडीतलं दुसरं वेटोळं ही कुजबुज ऐकतं आणि यंत्र तिचा आवाज करून आपल्या कानात टाकतं. प्लास्टिक, लाकूड, खापर यांतून वीज वाहत नाही, म्हणून यंत्राच्या लेखी ती नसतातच. आमच्या चौथ्या खड्ड्यातली नळी डिटेक्टर असता तरी दिसली नसती. म्हणून गावात खणताना यंत्रासोबत नकाशा आणि शेजारच्या घरातला जाणता माणूस, दोन्ही लागतात. विजेची केबल कुठून गेलीय हेही आधी विचारून घ्यावं लागतं.

ही कुजबुज फार लवकर विरते. वस्तू लहान असेल आणि तबकडीच्या मानानं बरीच खोल असेल, तर खोली दुप्पट होताच परत येणारी खूण जवळपास 64 पटींनी क्षीण होते. म्हणून साध्या यंत्राला नाणं वीतभर खोलीपर्यंतच नीट कळतं. चेंबरचं जाड झाकण मात्र त्याहून पुष्कळ खोलवर असलं तरी बोलतं. मोठी तबकडी जास्त खोल पाहते, पण तिची नजर पसरट असते. लहान तबकडी वरवरचंच पाहते, पण बोट ठेवून दाखवते.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. इथली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली आणि त्या खडकात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. प्रवरेच्या वाळूतून लोहचुंबक फिरवून पाहा, त्याला काळी भुकटी चिकटते. म्हणजे इथं जमीन स्वतःच थोडं बोलत असते. कामाला लागण्यापूर्वी धातू नसलेल्या जागी तबकडी खालीवर करत यंत्राला या मातीची सवय करून द्यावी लागते. खाली नेताना आणि वर घेताना आवाज सारखाच राहिला की जुळणी झाली. हे न करता सुरुवात केली तर दिवसभर माती उकरायची आणि मातीच घरी न्यायची वेळ येते.

गारफिल्ड यांची खाट

यंत्रानं दाखवलेली जागा का चुकते, याची सगळ्यात दुःखद गोष्ट 1881 सालची आहे. 2 जुलै रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी अंगात राहिली आणि डॉक्टरांना ती सापडेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी घाईघाईनं एक यंत्र तयार केलं. तत्त्व तेच, तारेची वेटोळी आणि कानाला लावलेला टेलिफोन. बेल यांनी दोनदा प्रयत्न केला, पण खूण कुठेच एका जागी थांबेना. गारफिल्ड ज्या खाटेवर होते तिच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून शोध मुख्यतः तिकडेच झाला. गोळी डावीकडे होती. 19 सप्टेंबरला गारफिल्ड गेले.

या गोष्टीतून मी दोन नियम घेतले आणि माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलाला शिकवले. पहिला, शोध सुरू करण्यापूर्वी आजूबाजूचं लोखंड दूर करा. पायातले लोखंडी टोकाचे बूट, खिशातला मोबाइल, हातातली पहार, शेजारी उभी केलेली सायकल, सगळं लांब. दुसरा, वस्तू कुठे असेल याची खात्री मनात धरून तबकडी फिरवू नका. ऐकायला आलात, तर ऐका.

फुली मारण्याची रीत

आता प्रत्यक्ष काम. तबकडी जमिनीला समांतर, बोटभर उंचीवर ठेवायची आणि विळ्यानं गवत कापावं तशी सावकाश डावी-उजवीकडे फिरवायची. हात दोन्ही टोकांना नकळत वर उचलला जातो. तो उचलू द्यायचा नाही. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढली पाहिजे, म्हणजे मध्ये पट्टा सुटत नाही.

आवाज आला की फेरी आखूड करायची. बऱ्याच यंत्रांत आवाज वस्तूपेक्षा किंचित मागे राहतो. उजवीकडे जाताना तो थोडा उजवीकडे वाजतो, परत येताना थोडा डावीकडे. म्हणून दोन्हींकडून ऐकून मधली जागा धरायची आणि तिथं काडीनं आडवी रेघ ओढायची. मग स्वतः पाव वळसा घेऊन त्याच जागेवर काटकोनात तबकडी फिरवायची आणि दुसरी रेघ ओढायची. दोन रेघांची फुली जिथं पडते, तिथं वस्तू. नवशिके पहिल्या रेघेवरच खणायला बसतात, पण एका रेघेनं फक्त पट्टा कळतो. जागा कळायला दुसरी रेघ लागतेच.

बहुतेक यंत्रांवर नेमकी जागा शोधण्यासाठी वेगळं बटण असतं. ते दाबलं की तबकडी स्थिर धरली तरी आवाज चालू राहतो आणि वस्तूजवळ जाताच वाढत जातो. बटण मात्र वस्तूपासून बाजूला, स्वच्छ जमिनीवर दाबायचं. आवाजाचा टापू मोठा वाटला तर वस्तूच्या जवळ, पण अगदी वर नाही अशा जागी तबकडी धरून बटण सोडायचं आणि पुन्हा दाबायचं. यंत्र तिथल्या आवाजाला शून्य समजतं आणि मग फक्त ऐन मधला भागच वाजतो. फुटभराचा टापू असा करत रुपयाएवढा होतो. दोन-तीनदा हे पुरे. त्याहून जास्त केलं तर वस्तूच ऐकू येईनाशी होते.

तबकडीची जात ओळखणंही गरजेचं आहे. काही तबकड्यांत एका वर्तुळात दुसरं वर्तुळ असतं. त्यांची नजर उलट्या शंकूसारखी, वर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी. वस्तू मिळते ती तबकडीच्या मध्याखाली. हल्ली जास्त वापरात असलेल्या तबकड्यांत इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून थोडी एकमेकांवर चढवलेली असतात. त्यांची नजर पुढून मागे जाणाऱ्या लांबट पट्टीसारखी असते. डावं-उजवं त्या फार अचूक सांगतात, पुढं-मागं मात्र फसवतात. अशा तबकडीसाठी माझी आवडती रीत ही : आवाज मधोमध धरायचा, मग तबकडी चार बोटं डावी-उजवी हलवत स्वतःकडे मागे ओढत आणायची. एका क्षणी आवाज तुटतो. तो तुटतो त्या क्षणी वस्तू तबकडीच्या पुढच्या टोकाखाली असते. तिथं बोट ठेवा. सरावानं ही जागा इंचभराच्या आत येते.

झाकण, सळई आणि खिळा

नाण्याची रीत चेंबरच्या झाकणाला चालत नाही, हे मला दोन वर्षं चुकत कळलं. झाकण दीड फूट रुंद, तेही डांबराच्या थराखाली दोन-तीन इंचांवर. तबकडी कुठेही धरा, आवाज सगळीकडे सारखाच मोठा. तिथं मध्य शोधायचा नसतो, कडा शोधायची असते. तबकडी फूटभर वर उचलायची म्हणजे आवाज आवरतो. मग बाहेरून आत येत चारी बाजूंनी आवाज जिथं सुरू होतो तिथं खडूनं खूण करायची. समोरासमोरच्या खुणा जोडल्या की रेघा जिथं छेदतात तो झाकणाचा मध्य. त्या जागी ब्रेकरनं हलकेच डांबर उडवलं की बिडाचा टणकार येतो. नाना या कामात यंत्राच्याही पुढे होते. रस्त्यावर पहार आपटून ते आवाजावरून पोकळी ओळखायचे. मी यंत्रानं फुली मारायची, नानांनी पहारीनं खात्री करायची, असं आमचं ठरलेलं होतं. त्यानंतर आम्ही गाडली गेलेली जी जी झाकणं काढली, त्यांतल्या बहुतेकांना एकच खड्डा पुरला.

लांबट वस्तू वेगळी फसवते. आडवा पडलेला खिळा किंवा सळईचा तुकडा त्याच्या लांबीच्या दिशेनं तबकडी नेली तर अनेकदा दोनदा वाजतो, दोन टोकांना एकेकदा. काटकोनात वळलं की तोच एकदा वाजतो. म्हणजे एकाच फुलीत जागाही कळते आणि आकारही. उभं रुतलेलं नाणं क्षीण वाजतं आणि फुली थोडी बाजूला दाखवतं. ते खणताना म्हणूनच खड्ड्याच्या भिंती तपासायच्या. सळयांची जाळी असलेल्या सिमेंट रस्त्यावर यंत्राचा उपयोग जवळजवळ संपतो. तिथं लिहून ठेवलेली मापंच कामाला येतात.

खणण्यालाही शिस्त आहे. फुलीच्या मध्यावर कधीच घाव घालायचा नाही. तिथंच तर वस्तू आहे. चार बोटं बाहेरून खुरपं तिरकं घालून मातीचं ढेकूळ अख्खं उचलायचं आणि शेजारी अंथरलेल्या गोणपाटावर ठेवायचं. मग पुन्हा तबकडी खड्ड्यावर. खड्डा गप्प असेल तर वस्तू ढेकळात आहे. खड्डा अजून बोलत असेल तर आणखी थोडं खाली जायचं. ढेकूळ फोडून दोन मुठींत अर्धं अर्धं घ्यायचं, एकेक मूठ तबकडीवरून फिरवायची, जी वाजेल तीच पुन्हा अर्धी करायची. चार वेळा अर्धं केलं की वस्तू बोटांत येते. हल्ली वीतभर लांबीचे हातात धरायचे छोटे डिटेक्टरही मिळतात; ते थेट खड्ड्यात घालता येतात.

काही लोकांसाठी ही शिस्त जगण्यामरण्याची असते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की यांनी स्कॉटलंडमध्ये असताना हातात धरून चालवायचा सुरुंगशोधक तयार केला आणि पेटंट न घेता ब्रिटिश सैन्याला देऊन टाकला. ऑक्टोबर 1942 मध्ये एल अलामीनच्या लढाईत असे 500 शोधक वाळवंटात गेले. सुरुंग काढणारा जवान यंत्रानं जागा नक्की करतो आणि मग पोटावर झोपून बाजूनं तिरकी सळई सारत पुढे जातो. वरून दाब पडला की सुरुंग उडतो, म्हणून बाजूनं. आपण नाण्यासाठी चार बोटं बाहेरून खुरपं घालतो, त्याची मोठी बहीण ही रीत आहे.

कांद्याच्या वाफ्यात

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या चुलतभावाची सून कांदा खुरपताना मंगळसूत्र हरवून बसली. पोत तुटली केव्हा आणि कुठे, तिला कळलं नव्हतं. मी शेतावर पोचलो तेव्हा ती बांधावर बसून होती. मला म्हणाली, "तात्या, सगळा वाफा खणा. कांदा काय, पुन्हा लावू." तिची सासू मागून म्हणाली, "भाऊजी, वाफा मोडू नका हो, महिनाभराचं पीक आहे." दोघींचंही खरं होतं.

मंगळसूत्र शोधणं अवघड काम आहे. काळे मणी काचेचे, त्यांना यंत्र ओळखत नाही. बारीक सोन्याची साखळी असली तरी एकेक कडी वेगळी असल्यामुळे ती फार क्षीण बोलते. आवाज येतो तो दोन वाट्यांचा. आणि पातळ सोन्याचा आवाज ॲल्युमिनियमच्या तुकड्यासारखाच असतो. कांद्याच्या शेतात ॲल्युमिनियम भरपूर : फवारणीच्या औषधाच्या बाटलीच्या तोंडावर चकती असते, माणूस ती सोलतो आणि जागीच टाकतो.

मी तिला एवढंच विचारलं, की आज कुठून कुठपर्यंत खुरपलं. चार वाफे निघाले. लहान तबकडी लावली. दोन ओळींमधून ती जेमतेम जात होती. पहिल्या तासात तीन फुल्या मारल्या, तीनदा दोन रोपांच्या मधली माती खुरप्याच्या टोकानं उचलली, तीनदा औषधाच्या चकत्या निघाल्या. चौथी फुली एका रोपाच्या बुडाशीच पडली. ते रोप मातीसकट उचललं, गोणपाटावर ठेवलं, माती अर्धी अर्धी केली. पहिली वाटी निघाली. दुसरी तिथून वीतभर पुढे, पाण्याच्या दांडाच्या कडेला, दोन बोटं खोल. काढलेलं रोप मी पुन्हा त्याच जागी लावलं आणि ओंजळभर पाणी घातलं. वाफ्यात एक रोप हललं, बाकी पीक जसंच्या तसं उभं राहिलं.

मुठीत वाट्या घेऊन ती काही बोलली नाही. मला आठवला तो 2006 चा रस्ता आणि चार खड्डे.

हॉक्सनचा हातोडा आणि दायमाबादचा रथ

अचूक जागेचं मोल सर्वांत जास्त कुठे असेल तर ते प्राचीन वस्तूच्या बाबतीत. यासाठी दोन शोध शेजारी ठेवून पाहावेत असं मला वाटतं.

इंग्लंडच्या सफोक परगण्यात हॉक्सन नावाचं खेडं आहे. 16 नोव्हेंबर 1992 रोजी एरिक लॉज नावाचे गृहस्थ एका शेतकरी मित्राचा शेतात हरवलेला हातोडा डिटेक्टरनं शोधत होते. सापडले ते चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी. थोडं काढल्यावर लॉज थांबले. खणणं पुढे न नेता त्यांनी जमीनमालकाला आणि परगण्याच्या अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले आणि त्यांनी ठेवा जसा होता तसा, जागा टिपत टिपत काढला. सोन्याचांदीची आणि ब्राँझची मिळून 14,865 रोमन नाणी, शिवाय सुमारे 200 दागिने आणि भांडी. कोणती वस्तू कशाशेजारी होती हे टिपलेलं असल्यामुळे, हे सगळं एका मोठ्या लाकडी पेटीत कसं रचून ठेवलं होतं तेही सांगता आलं. पेटीचं लाकूड तर जवळपास कुजून गेलं होतं. शेवटची नाणी इसवी सन 407-408 ची, म्हणजे ठेवा पुरला गेला तो त्यानंतर, रोमन सत्ता ब्रिटनमधून उठत होती त्या काळात, हेही ठरवता आलं. बक्षीस 17 लाख 50 हजार पौंड मिळालं आणि लॉज यांनी ते शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला. तो आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

दुसरा शोध आमच्या प्रवरेकाठचा. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला 1974 साली एका शेतकऱ्याला झाडाचं खोड खणून काढताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या : बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. मिळून 60 किलोंहून जास्त वजन. भारतातल्या प्राचीन धातुशिल्पांत इतकं देखणं काम क्वचित दिसतं. त्या शेतकऱ्याचा यात काही दोष नाही. तो आपलं शेतीचं काम करत होता आणि त्याच्यामुळेच हा ठेवा जगाला मिळाला. पण वस्तू पुरातत्त्वज्ञांच्या उत्खननात मिळाल्या नाहीत. त्या कोणत्या थरात होत्या, शेजारी कसलं खापर होतं, कसली राख होती, याची नोंद झाली नाही. पुढे 1975 ते 1979 या काळात एस. ए. साळी यांच्या देखरेखीखाली तिथं मोठं उत्खनन झालं आणि एकावर एक पाच संस्कृतींचे थर मिळाले. पण या चार वस्तू त्यांतल्या नेमक्या कोणत्या थराच्या, यावर विद्वानांत वाद झाला. कुणी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, तर कुणी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्यावर शंका घेतली.

मी दायमाबादच्या टेकाडावर उभा राहिलो आहे. खाली प्रवरा वाहते, वर बाभळी आणि खापरांचे तुकडे. तिथं उभं राहून मनात एकच येत होतं, की वस्तू हाती आली तरी तिची जागा हरवली, तर अर्धी वस्तूच हरवते.

कायदा आणि विनंती

आपल्याकडे डिटेक्टर घेऊन गडकोटांवर, पडक्या वाड्यांत, जुन्या देवळांच्या आवारात गुप्तधन शोधणारे लोक आहेत. रात्रीतून खड्डे पडतात, पायऱ्या उखडतात, समाध्यांचे दगड उलटतात. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. आणि आपल्या स्वतःच्या शेतात जुनं धन सापडलं तरी 1878 सालचा निखात निधी कायदा आजही लागू आहे. त्यानुसार 10 रुपयांहून जास्त मोलाचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं : काय सापडलं, कधी सापडलं आणि कोणत्या जागी सापडलं. सुमारे दीडशे वर्षांच्या या कायद्यानंही जागा विचारली आहे.

ज्यांना हे यंत्र शिकायचं असेल त्यांनी आपल्याच परसात शिकावं. 5 रुपयांचं पिवळं नाणं, एक मोठा खिळा आणि बाटलीचं बूच वेगवेगळ्या खोलीवर, हातहात अंतरानं पुरा. 1 रुपयाचं नाणं नको. ते पोलादाचं, लोखंडासारखं वाजतं. नेमकी जागा कागदावर मापून ठेवा. मग आठ दिवसांनी कागद न बघता फुल्या मारा आणि कागदाशी ताडून पाहा. तुमची फुली दोन बोटांच्या आत येऊ लागेपर्यंत खुरपं हातात घेऊ नका. महिनाभर रोज अर्धा तास दिला तर हात बसतो. मग गावातलं हरवलेलं जोडवं, विहिरीच्या कडेला पडलेली किल्ली, नांगरटीत हरपलेला फाळाचा बोल्ट, अशी कामं सेवा म्हणून करा. माणसं जन्मभर नाव काढतात.

आणि कधी फुलीवरच्या मातीत जुनं नाणं किंवा मूर्तीचा तुकडा दिसला, तर थांबा. ढेकूळ परत ठेवा, जागेपासून तीन पक्क्या खुणांची अंतरं मोजा, तारीख घाला आणि तहसील कार्यालयाला कळवा.

निवृत्तीच्या दिवशी मी खात्याला एक वही दिली. गावातल्या प्रत्येक व्हॉल्व्हची तीन अंतरं तिच्यात आहेत : एक देवळाच्या कोपऱ्यापासून, एक विजेच्या खांबापासून, एक घराच्या उंबऱ्यापासून. एखादी खूण हलली तरी उरलेल्या दोन खुणा जागा सांगतात. पहिल्या पानावर मारुतीच्या देवळासमोरचा व्हॉल्व्ह आहे. तुमच्या गावाच्या पाणीपुरवठा विभागात अशी वही नसेल, तर ती करायला सांगा.